चौदा फुटांची उतरण

पहाटे पाचच्या सुमाराला आमच्या पायऱ्यांवर नखांचा आवाज यायचा. पाच पायऱ्या, पाच आवाज. मग फाटकाशी जाऊन बसल्याचा धप्प आवाज. इतक्या वर्षांत मला गजर लावावा लागला नाही. 2023 च्या डिसेंबरात, मिचाउंग वादळ येऊन गेलं त्यानंतरच्या आठवड्यात, तिसऱ्या आवाजानंतर सगळं शांत झालं. मी बाहेर आलो तर बकुळा मध्येच उभी होती. पुढचे पाय तिसऱ्या पायरीवर, मागचे अजून वरच, आणि मागचा भाग थरथरत होता. ती कण्हत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती. फाटकाकडे बघत होती.

मी तिला उचलून खाली ठेवलं. तिने अंग झाडलं आणि चालू लागली. तेव्हापासून रोज दोन-तीन वेळा उचलणं सुरू झालं. एकोणीस किलोचं जनावर उचलणं मला जड नव्हतं, पण तिला ते सहन होत नव्हतं. हात पोटाखाली गेला की ती ताठ व्हायची, मान पलीकडे वळवायची. जी कुत्री आयुष्यभर स्वतःच्या पायांनी दारात गेली, तिला रोज कुणीतरी सामानासारखं नेऊन ठेवायचं, हे मला बघवेना.

बकुळा मला 2012 मध्ये चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत सापडली. 1958 सालची ही वसाहत देशातल्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी. मी 1988 ला कोल्हापूरच्या उद्यमनगरातून मद्रासला आलो, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत तिथल्याच एका टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन होतो. लोखंडाच्या चुऱ्याच्या पिंपामागे तांबूस रंगाचं एक पिल्लू होतं, मुठीत मावेल एवढं. पुढच्या वर्षी ब्लू क्रॉसमध्ये तिची नसबंदी करून आणली, त्याची खूण म्हणून कानाला छोटी खाच आहे. कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी 1959 मध्ये इथे सुरू केलेल्या या संस्थेने 1964 पासूनच रस्त्यावरच्या कुत्र्यांना मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करायचा मार्ग धरला होता. बकुळासारख्या कितीतरी जणी त्या मार्गाने वाचल्या आहेत. नाव बायकोने ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या मामींनी, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंनी, अर्थ विचारला. बकुळीचं फूल म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आमच्यात त्याला मगिळम् म्हणतात. त्यांच्यासाठी ती तेव्हापासून मगिळम्.

या पाच पायऱ्यासुद्धा मूळच्या नाहीत. आम्ही सैदापेटला, अड्यार नदीपासून फार लांब नसलेल्या गल्लीत राहतो. आधी घराला एकच पायरी होती. 2015 च्या डिसेंबरात चेंबरम्बाक्कम तलावातून पाणी सोडलं आणि 1 तारखेच्या रात्री अड्यार घरात शिरली. मी बकुळाला धुण्याच्या टोपलीत घालून गच्चीवर नेलं. दोन रात्री आम्ही सगळे तिथेच होतो, मामींचं कुटुंब, आम्ही दोघं आणि ती. पाणी ओसरल्यावर भिंतीवर छातीएवढ्या उंचीची रेघ राहिली. मामींच्या यजमानांनी 2017 मध्ये घर उचलून घेतलं. चेन्नईत हे काम करणारे लोक आहेत. पाया उघडा करून भिंतीखाली ओळीने लोखंडी जॅक लावतात, सगळे एकाच वेळी थोडे थोडे फिरवतात आणि उभं घर वर येतं. आमचं घर दोन फूट वर आलं. गल्लीपासून व्हरांडा तीस इंच झाला, सहा सहा इंचांच्या पाच पायऱ्या. मिचाउंगच्या वेळी पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं, घर कोरडं राहिलं. ज्या पायऱ्यांनी आम्हाला वाचवलं, त्याच आता तिला अडवत होत्या.

मला वाटलं, आपण आयुष्यभर मापंच काढली आहेत, एक उतरण काय अवघड आहे. घरात 12 मिलिमीटरची प्लाय पडून होती. सात फूट लांब, दीड फूट रुंद पट्टी कापली, वर हिरवं प्लास्टिकचं गवत चिकटवलं, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि पायऱ्यांवर टेकवली. अंगणात तेवढीच जागा होती. सात फुटांत तीस इंच म्हणजे जवळजवळ 21 अंशांचा चढ. कागदावर ते बरं दिसत होतं.

बकुळाने एक पाय ठेवला. फळी लवली, खालून पोकळ आवाज आला. ती मागे सरकली. मी उकडलेलं अंडं दाखवलं, चिकन दाखवलं. तिसऱ्या दिवशी माझा धीर संपला आणि मी पट्टा लावून तिला ओढलं. अर्ध्यावर तिचा मागचा पाय पट्टीला अडकला, ती आडवी झाली, घसरत खाली आली. मधलं नख मुळाशी तुटलं. फरशीवर रक्ताचे थेंब पडले. त्यानंतर चार दिवस ती व्हरांड्याच्या कडेलाही आली नाही. बायको मला काही बोलली नाही. तिने फक्त ती फळी उचलून मागच्या भिंतीला उभी करून ठेवली.

मी वेपेरीला गेलो. तिथलं मद्रास व्हेटर्नरी कॉलेज 1903 साली सुरू झालेलं. त्याच्या दवाखान्यात सकाळी बाकावर माणसं आणि जनावरं एकमेकांना टेकून बसलेली असतात. आमच्या शेजारी शेळी घेऊन एक आजीबाई होत्या, पलीकडे पिंजऱ्यात पोपट. तरुण डॉक्टरबाईंनी बकुळाला टेबलावर न घेता खालीच उभं केलं. कंबर दाबून पाहिली, मागचा पाय मागे ताणून पाहिला. मग एक गोष्ट केली ती मी विसरणार नाही. तिच्या मागच्या पायाचा पंजा त्यांनी हळूच उलटा करून फरशीवर ठेवला, वरची बाजू खाली. निरोगी कुत्रं क्षणात पंजा सुलटा करतं. बकुळा तशीच उभी राहिली. एक, दोन, तीन. मग जणू लांबून निरोप आल्यासारखा पाय वळला. दुसऱ्या पायाला त्याहून जास्त वेळ लागला. डॉक्टरबाईंनी मला मागच्या पायांची मधली नखं दाखवली. ती पुढच्यांपेक्षा आखूड होती, घासून घासून झिजलेली. ती पाय उचलत नाही, ओढते, त्या म्हणाल्या. तिच्या पायाखाली काय आहे, हे तिला उशिरा कळतं.

कमरेच्या सांध्यांत झीज होती, मणक्याच्या शेवटी दाब. वजन दोन किलो कमी करायचं, पंजांमधले केस कापायचे, गुळगुळीत फरशीवर चटया टाकायच्या, दुखणं वाढलं तरी माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही द्यायची नाही. ती कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते. एवढं सांगून झाल्यावर मी उतरणीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, जरूर करा, पण ती जिथे घाबरली तिथे नको.

रिक्षात परत येताना मला माझ्या कामाचा विचार आला. मी पस्तीसेक वर्षं जिग आणि फिक्श्चर काढले. ड्रिल मारताना जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, तसूभरही हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी ही साधनं. त्यात एक साधा नियम असतो. तीन टेकू खाली, दोन बाजूला, एक टोकाला. या सहा ठिकाणी टेकला की जॉब पक्का बसला, मग वरून क्लॅम्प आवळायचा. मी बकुळासाठी तेच केलं होतं. घराचं माप घेतलं, अंगणाचं माप घेतलं, फळी बसवली आणि तिला क्लॅम्पसारखं आवळून ओढलं. हलू नये यासाठीच्या वस्तू करण्यात माझा जन्म गेला. इथे जिच्यासाठी वस्तू करायची ती हलणार होती, आणि तिला ‘नाही’ म्हणता येत होतं.

मग मी काही दिवस नुसतं बघायचं ठरवलं. बघताना मामींच्या कोलमने मला मदत केली. मामी रोज पहाटे दारापुढे पाणी शिंपडून तांदळाच्या पिठाने कोलम काढतात, आमच्या रांगोळीसारखाच, पण टिपक्यांभोवती फिरणाऱ्या न तुटणाऱ्या रेषेचा. मी बकुळाला उचलून खाली ठेवलं की ती त्यातून चालत फाटकाकडे जायची आणि तिचे पीठ लागलेले पाय गल्लीतल्या काळ्या डांबरावर उमटायचे. एके सकाळी मी गुडघ्यावर बसून ते ठसे पाहिले. पुढच्या पायांचे ठसे स्वच्छ होते, चार बोटं आणि मागची गादी. मागच्या पायांचे ठसे पुसट, आणि प्रत्येकाच्या मागे दोन बारीक पांढऱ्या रेघा, ओढलेल्या बोटांच्या. मी खिशातली टेप काढली. दोन पावलांमधलं अंतर अकरा इंच. मागचे पाय पुढच्यांपेक्षा फाकलेले, बाहेर बाहेर मोजले तर नऊ इंच, आणि दर तीन-चार पावलांनी सगळी ओळ डावीकडे झुकलेली. मामी वरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, काय हरवलं? मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पीठ थोडं जास्त टाकू लागल्या.

त्या रेघांनी मला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. आडव्या पट्ट्या नकोत, कारण बोटं ओढणाऱ्या पायाला अर्धा इंच उंचीचीही ठेच लागते. दीड फूट रुंदी पुरणार नाही, झोक जातो म्हणजे दोन फूट हवी आणि दोन्ही कडांना उभी पट्टी. एवढंच नाही. सकाळी फिरून आल्यावर ती पायऱ्यांकडे येतच नव्हती. घराच्या डाव्या अंगाला तीन फुटी बोळ आहे, तिथे पाण्याची मोटर, कढीपत्त्याचं झाड आणि जमिनीतली टाकी. ती थेट तिकडे जाऊन व्हरांड्याच्या कठड्याखाली उभी राहायची आणि वर बघायची. वर चढायची वाट तिने स्वतःच निवडून ठेवली होती. मी अंगणातल्या सात फुटांत अडकलो होतो, बोळात वीस फूट मोकळे होते.

त्यासाठी कठडा दोन फूट फोडावा लागणार होता. घर आमचं नाही. मामींना विचारायला मी दोन दिवस लावले. त्या म्हणाल्या, मगिळम् गच्चीवर माझ्या मांडीवर दोन रात्री झोपली होती, तुम्ही मला विचारताय काय? एकच अट घातली, टाकीचं झाकण मोकळं राहिलं पाहिजे. अट रास्त होती. 2019 च्या जूनमध्ये पूंडी, चोळावरम, रेड हिल्स, चेंबरम्बाक्कम हे चारही तलाव आटले होते आणि या गल्लीतल्या सगळ्यांनी टँकरची वाट बघत रात्री काढल्या होत्या. पाण्याची गाडी आली की झाकण त्याच क्षणी उघडलं पाहिजे.

म्हणून उतरण दोन तुकड्यांची ठरली. वरचा पक्का, खालचा उचलून बाजूला ठेवता येईल असा. मी वेपेरीजवळच्या सिडनहॅम्स रोडवरून 19 मिलिमीटरची एक वॉटरप्रूफ प्लाय आणली, आठ बाय चार. लांबीतून मधोमध चिरली की आठ फुटी दोन पट्ट्या, दोन फूट रुंद. प्रत्येकीतून सहा फुटांचा चढ आणि दोन फुटांचा चौकोन. एक चौकोन मध्ये सपाट विसाव्याला, दुसरा वर व्हरांड्याच्या तोंडाशी. एका शीटमध्ये सगळं बसलं, तुकडाही वाया गेला नाही. सहा फुटांत पंधरा इंच, मग सपाट, मग पुन्हा सहा फुटांत पंधरा इंच. चढ 12 अंशांवर आला. चाकाच्या खुर्चीला बारा फुटांत एक फूट चढ लागतो, त्या हिशोबाने तीस फूट लागले असते. तेवढी जागा नव्हती, आणि तिला तेवढ्याची गरजही नव्हती.

खालच्या सांगाड्यासाठी मी गल्लीच्या टोकाच्या आसारींना बोलावलं. तमिळमध्ये सुताराला आसारी म्हणतात. पाडलेल्या जुन्या घरांच्या चौकटींचं सागवान त्यांच्याकडे असतं. त्यांनी माझी पहिली फळी पाहिली, बोटाने ठोकली, तो पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘नाय्क्कु पडि वेंडाम, सार. तरै वेणुम.’ कुत्र्याला पायरी नको, जमीन हवी. पायाखाली वाजणारी, लवणारी गोष्ट म्हणजे जमीन नव्हे. त्यांनी दर दीड फुटाला आडवा टेकू घालायचं ठरवलं. खारं वारं लोखंड खातं म्हणून स्क्रू सगळे स्टेनलेस. प्लायच्या कडांना प्रायमरचे तीन हात, कारण पाणी तिथूनच शिरतं. आणि सागाच्या पायांखाली ग्रॅनाइटचे तुकडे, म्हणजे लाकूड ओलं पीत बसणार नाही.

वर काय घालायचं यावर जास्त वेळ गेला. रबर छान पकडतं, पण एप्रिलमध्ये दुपारी बोळात तासभर ऊन येतं आणि रबरावर माझा तळहातही टेकेना. पंजाची गादी कितीही जाड असली तरी भाजते. शेवटी काथ्याची पट्टी घेतली, पायपुसणीसारखी दाट विणलेली, फुटावर मिळते तशी. तापत नाही, नख अडकत नाही, पाय सरकत नाही. पावसात ती कुजणार हे माहीत होतं, म्हणून चिकटवली नाही. कडेला हुक लावले. भिजली की काढायची, गच्चीवर वाळवायची. कडेच्या उभ्या पट्ट्यांना पिवळा रंग दिला. कुत्र्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, निळा-पिवळा कळतो, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना कड कुठे संपते हे दिसायला हवं. माझं पहिलं हिरवं गवत तिला कसं दिसलं असेल, हे तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं.

या खेपेला आम्ही सांगाड्याचे पाय शेवटी कापले. टूलरूममध्ये आधी ड्रॉइंग, मग माल, मग चाचणी. इथे उलटं केलं. दोन्ही पट्ट्या, काथ्या घालून, बोळात सपाट जमिनीवर टाकल्या. आठ दिवस तिचं जेवण तिथेच. पहिले दोन दिवस ती कडेवर उभी राहून मान लांबवून खायची. तिसऱ्या दिवशी पुढचे पाय आले. पाचव्या दिवशी ती पट्टीवर झोपली. मग वरच्या टोकाखाली एक वीट, साधारण तीन इंच. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या विटेला ती थांबली, वास घेतला, मागे गेली. आम्ही एक वीट काढली आणि तीन दिवस तिथेच राहिलो. मी पट्ट्याला हात लावला नाही. आसारी येता-जाता डोकावायचे आणि नुसतं बोटांनी विचारायचे, किती? मी बोटं दाखवायचो, तीन, तीन, चार. पाच विटांवर ती न थांबता वर गेली, त्या दिवशी ते करवत घेऊन आले आणि पाय कापले.

कठडा फोडून झाला आणि दोन्ही तुकडे जागेवर बसले, त्या संध्याकाळी मी मुद्दाम घरात बसलो. बायको दाराच्या फटीतून बघत होती. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. काथ्यावर नखांचा आवाज होत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बायकोने माझा दंड धरला. बकुळा व्हरांड्यात उभी होती, आणि मी उचलायला येईन म्हणून मान वळवलेली नव्हती. ती आत आली, माझ्या पायाशी पडली. मी तिच्या मागच्या पंजाला हात लावला, तुटलेल्या नखाच्या जागी नवं नख अर्धं आलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी फेंगल वादळाचा पाऊस आला. काथ्याच्या पट्ट्या भिजल्या, जड झाल्या. दोनदा मोटरीशी पाणी आलं तेव्हा आम्ही खालचा तुकडा उचलून व्हरांड्यात ठेवला, आणि तेवढे दोन दिवस तिला पुन्हा उचलावं लागलं. ती तशीच ताठ व्हायची. पाणी ओसरल्यावर मी सर्वांत आधी तुकडा खाली लावला, मग घरातली कामं. एका टेकूचा स्क्रू सैल झाला होता, तो बदलला. काथ्याची एक पट्टी कुजली, नवी आणली.

आता तमिळ मार्गळी महिना चालू आहे. मामी पहाटे चारलाच उठतात, कोलम मोठे असतात, मध्ये शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं फूल. बकुळा उतरणीने खाली येते, पण हल्ली मधल्या चौकोनावर थांबते. आधी मला वाटलं दमते. तसं नाही. तिथून कठड्याच्या पलीकडे गल्ली दिसते, कोलम काढणाऱ्या मामी दिसतात, दूधवाला दिसतो. फाटकापर्यंत न जाताच तिचं सगळं काम तिथे होतं. काल ती तिथे आडवी झाली. चौकोन दोन फुटांचा आणि ती नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत त्याहून लांब, त्यामुळे मागचे पाय खालच्या उतारावर लोंबत होते. मी टेप घेऊन बसलो. मुटकुळं करून झोपली तर सव्वीस इंच, लांब झाली तर तेहतीस. आसारींना निरोप पाठवला आहे. मोटर पाऊण फूट मागे सरकवली तर चौकोन तीन फूट करता येईल, आणि टाकीच्या झाकणालाही धक्का लागणार नाही.